अंमळ म्हणजे किती?

आमच्या रंगखात्यात त्यांना सगळे अंमळमास्तर म्हणायचे. तोंडावर नुसतं मास्तर, पाठ वळली की अंमळमास्तर. कारण उठता-बसता त्यांच्या तोंडी तो एकच शब्द. "अंमळ तांबूस हवं होतं." "अंमळ जास्त उकळलंत." "अंमळ दम धरा, लगेच काढू नका." कारखाना लोकरीचं सूत रंगवायचा आणि मास्तर तिथले शेडमास्तर होते. म्हणजे गिऱ्हाइकाने पाठवलेल्या नमुन्याचाच रंग आपल्या लड्यांना चढलाय की नाही, हे ठरवणारा माणूस. त्यांनी मान डोलावली की माल गाडीत, नाक मुरडलं की माल अडकला. अठ्ठावीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं.

मी तिथल्या लॅबमध्ये लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि स्वतःला फार शहाणी समजायचे. आता साठी ओलांडली. शहाणपण आहे तेवढंच आहे, समजणं तेवढं कमी झालंय.

रंग मोजायचं मशीन आणि मी एकाच आठवड्यात कारखान्यात आलो. खरं सांगायचं तर मशीन आलं म्हणून मला घेतलं, कारण ते चालवायला कुणीतरी शिकलेलं हवं होतं. शिवणयंत्राएवढं धूड, पुढे एक गोल भोक, बाजूला टकटक करत आकडे छापणारा कागदाचा रीळ. पहिल्याच दिवशी रंगाच्या हंड्यांवरची माणसं कामं टाकून लॅबच्या दाराशी उभी. सगळ्यांना वाटत होतं, आता मास्तर आणि मशीन यांची जुंपणार. मजा बघायला आली होती मेली.

मास्तर आले. उंच, काटकुळे, पांढरा शर्ट, नखांच्या कडांना कायमचा बसलेला निळा-तांबडा रंग. दोरीला लटकवलेला चष्मा त्यांनी नाकावर चढवला, मशीनभोवती एक चक्कर मारली आणि मला विचारलं, "हे काय करतं गं?"

मी पाठ केलेलं धडाधड बोलून टाकलं. "लडी इथे भोकाशी धरायची. आतला दिवा तिच्यावर पांढरा उजेड टाकतो. पांढऱ्या उजेडात सगळे रंग असतात, जांभळ्यापासून लालपर्यंत. मशीन त्यांचे एकतीस तुकडे करतं आणि शंभरातला किती उजेड लडीने परत पाठवला, ते एकेका तुकड्याचं सांगतं. चारशेला इतका, चारशे दहाला इतका, असं करत सातशेपर्यंत."

"चारशे काय? किलो?"

"नॅनोमीटर. उजेडाच्या लाटेची लांबी. चारशेकडे जांभळा, सातशेकडे लाल."

मास्तर म्हणाले, "म्हणजे हजेरी घेतं. एकेका रंगाचं नाव पुकारतं, कोण किती आलंय ते लिहून ठेवतं."

इतकं सोपं मलाही कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "हो, तसंच. आणि मग त्या एकतीस आकड्यांवरून तीन आकडे काढतं. रंग किती उजळ, लालकडे झुकलेला की हिरव्याकडे, पिवळ्याकडे की निळ्याकडे. नमुन्याचे तीन आणि आपल्या लडीचे तीन, यांच्यात किती अंतर ते शेवटी एका आकड्यात येतं. एकच्या आत आलं तर पास."

"पण उजेड परत आला तरी तो बघणार कोण? डोळा कुणाचा?"

हा प्रश्न मला कॉलेजात कुणी विचारला नव्हता. सुदैवाने पुस्तकात होता. मी सांगितलं की फार पूर्वी मोजक्या माणसांना बसवून, कुणाला कुठला रंग कसा जुळतो ते तपासलं आणि त्यांच्या डोळ्यांची सरासरी काढली. तोच प्रमाण डोळा ह्या हिशेबात धरतात.

मास्तर खळखळून हसले. "म्हणजे पेटीत माणूस बसलाय म्हण की! नाव काय त्याचं?"

"नाव नाही. नुसती सरासरी आहे."

"मग सरासरीराव म्हणू आपण."

झालं. त्या दिवसापासून मशीनचं नाव सरासरीराव पडलं. "सरासरीराव उठले का?" "सरासरीरावांचं आज पोट बिघडलंय वाटतं, कागद ओकतायत नुसता." बघायला आलेली माणसं हिरमुसली होऊन हंड्यांवर परत गेली.

जुंपली ती माझी आणि मास्तरांची, त्यांच्या त्या शब्दावरून. मला सगळं आकड्यात लागायचं आणि हा माणूस दिवसभर अंमळ अंमळ. एकदा मी चिडलेच. "मास्तर, अंमळ म्हणजे किती? चमचाभर की बादलीभर?"

"अंमळ म्हणजे अंमळ. किंचितपेक्षा जास्त, जराशापेक्षा कमी."

"आणि किंचित म्हणजे?"

"अंमळपेक्षा कमी."

"धन्य आहे!" असं म्हणून मी फाइल आपटली. माझा स्वभावच तसा होता. अजून आहे, घरात विचारा.

पण माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. पुढचे दोन महिने मी गुपचूप एक उद्योग केला. मास्तर लडी घेऊन खिडकीशी गेले की त्यांच्या तोंडून जो शब्द निघेल तो आधी लिहायचा आणि मग तीच लडी मशीनवर मोजायची. मला त्यांना उघडं पाडायचं होतं, खोटं कशाला बोलू? दोन महिन्यांनी हिशेब मांडला आणि उघडी पडले ती मीच. ते किंचित म्हणाले तेव्हा फरक पॉइंट तीनच्या आसपास होता. अंमळ म्हणाले तेव्हा पॉइंट सहा, फार तर सात. जरासा म्हणजे एक. बराच म्हणजे दोन. त्याच्या वर गेलं की "हे काय आणलंय डोंबल?" असं म्हणायचे. साठ-सत्तर लड्यांत हा क्रम एकदाही मोडला नव्हता.

मी तो कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. मग चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाले, "अठ्ठावीस वर्षं मी घसा फोडतोय, अंमळ अंमळ म्हणून. लोक हसतात, मला ठाऊक आहे. पण किती, असं कुणी विचारलं नव्हतं गं." मला इतकी लाज वाटली की मी हात धुवायच्या निमित्ताने नळाकडे गेले.

त्यानंतर त्यांनी मला आकडे वाचायला लावलं. त्यांना कागदावरचा आलेख नको असायचा, बारीक रेघ दिसायला त्रास व्हायचा. स्टुलावर बसायचं, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "वाच." मी चारशेपासून सुरू करायची. "चार पॉइंट एक. चार पॉइंट दोन. चार पॉइंट दोन..." हळूहळू आकडे वर चढायला लागले की त्यांच्या मिटल्या पापण्या हलायच्या. सातशेला पोचायच्या आत ते सांगायचे, "पिवळा नंबर दोन, आणि वर चिमूटभर लाल. लाल तो जुना नाही, नवा." आणि ते बरोबर असायचं! प्रत्येक रंगाची आपली एक चाल असते म्हणायचे. कुठे दबकत येतो, कुठे उसळतो, कुठे टिकतो. वर्षभरात त्यांना आमच्या कपाटातल्या चाळीस रंगांच्या चाली कानाने पाठ झाल्या. पुढे मी त्यांना फसवायला दोन-दोन रंगांची मिसळ वाचायची. पॅकिंगमधल्या बायका डबे घेऊन दारात उभ्या राहून ऐकायच्या आणि मास्तरांनी ओळखलं की टाळ्या वाजवायच्या.

ती खोली मला आजही जशीच्या तशी आठवते. उत्तरेची मोठी खिडकी, तिच्या काचेवर वाफेचे ओघळ, ओल्या लोकरीचा आणि आंबट पाण्याचा वास. कपडे घरी नेले तरी तो वास जायचा नाही. आई नाक धरून म्हणायची, "आधी आंघोळ कर, मग जवळ ये." आता तो वास कुठे मिळाला तर मी पैसे देऊन घेईन.

मग माझ्या हातून तो घोटाळा झाला. गडद लाल रंगाचा तीनशे किलोचा लॉट होता आणि मास्तर दात काढायला गेले होते. मी ताठ्यात होते. वाळवणीच्या यंत्रातून लडी काढली, तशीच धावत आणून मशीनला लावली. फरक एक पॉइंट नऊ. नापास. मी कुणाला न विचारता अख्खा लॉट पुन्हा हंड्यात घालायला सांगितला.

दुपारी मास्तर गालाला रुमाल लावून आले. टेबलावरची सकाळची लडी उचलून खिडकीशी नेली आणि सुजल्या तोंडाने म्हणाले, "हा तर बरोबर आहे. मोज पुन्हा." मी मोजलं. पॉइंट चार.

"सकाळी मोजलीस तेव्हा गरम होती?"

मी होकारार्थी मान डोलावली.

"अगं, लाल गरम असताना वेगळा दिसतो. निवला की जागेवर येतो. मी कधी गार झाल्याशिवाय बघतो का? तुझ्या सरासरीरावांना कुणी सांगितलं नाही वाटतं."

तोवर लोकर दुसऱ्यांदा उकळून आवळली होती. तीनशे किलो सूत, चटईसारखं. साहेब, म्हणजे आमचे मॅनेजर, लॅबमध्ये आले ते मला काढून टाकायचं ठरवूनच आले होते. मी खाली मान घालून उभी. मास्तर पुढे झाले आणि म्हणाले, "साहेब, लडी निवू द्यावी हे मी तिला सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. काढायचं तर मला काढा." साहेबांनी दोघांपैकी कुणालाच काढलं नाही, पण जाताना हुकूम सोडला, "यापुढे मास्तर म्हणतील ते खरं. मशीन फक्त नोंदीपुरतं."

तो हुकूम चार वर्षं चालला आणि कुणाचं काही बिघडलं नाही. मास्तर आणि मशीन यांचं म्हणणं कधी वेगळं निघालंच नाही.

मास्तरांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, तेव्हाची गोष्ट. घरी त्यांचं कुणी नव्हतं. काकू जाऊन बराच काळ झालेला, मूलबाळ नाही. सुट्टीच्या दिवशीही काहीतरी निमित्त काढून कारखान्यात यायचे. त्या सुमारास ते एक तक्रार करायला लागले होते. "हल्ली कागदच पिवळट येतो." "ह्या खिडकीच्या काचा पुसत नाही का कुणी?" "धोबी शर्ट नीट धूत नाही." मी म्हणायची, "मास्तर, तुम्ही आता म्हातारे झालात, कुरकुर करता." आणि ते हसायचे. डोंबल माझं! मी रोज शेजारी बसत होते आणि मला कळलं नाही.

शाळेच्या स्वेटरांची ऑर्डर होती. निळसर राखाडी रंग, दर वर्षीचा. पण त्यात जी निळी पूड पडायची ती यायची बंद झाली होती. मास्तरांनी नव्या निळ्यावर आठ दिवस मेहनत केली, थोडं हे, थोडं ते, आणि शेवटी लडी नमुन्याशेजारी धरून म्हणाले, "जुळला. अगदी जुळला. किंचितही नाही फरक." खूश होते. मशीनवर नोंद फक्त तयार लॉटची व्हायची, म्हणून ती लडी मोजलीच नव्हती. साहेबांनी लगेच सांगितलं, सहाशे किलो रंगवा, परवा गाडी येतेय.

लॉट निघाला. मास्तरांनी बघितला, पास केला आणि जेवायला गेले. मी नोंदीपुरतं मोजलं. फरक दोन पॉइंट एक.

आधी मी स्वतःवरच संशय घेतला. लडी गार होती. मशीन बरोबर मोजतंय का हे तपासायची पांढरी फरशी पुसून पुन्हा लावली. लडी फिरवून फिरवून पाच वेळा मोजली. दोन पॉइंट एक, दोन पॉइंट शून्य, दोन पॉइंट एक. मग दोन्ही लड्या घेऊन मी मागच्या अंगणात उजेडात गेले आणि मला सरळ दिसलं. आपली लडी जांभळट होती. डोळ्यांवर विश्वास बसेना म्हणून पॅकिंगमधल्या तिघींना एकेकटीला बोलावलं आणि विचारलं, "ह्यातली जांभळट कुठली?" तिघींनी तीच दाखवली. एक तर म्हणाली, "अहो, हे काय विचारणं झालं? आंधळ्यालाही दिसेल."

मी पुन्हा आत आले आणि एकतीसही आकडे नमुन्याशी ताडून पाहिले. बाकी ठिकाणी उन्नीस-बीस होतं, ते एकमेकांत जिरून जात होतं. पण चारशे ते चारशे चाळीस, जांभळ्याच्या टोकाला, आपली लडी पार वर होती. नवा निळा तिथे उजेड परत टाकत होता आणि तेवढंच मास्तरांच्या डोळ्यांत शिरत नव्हतं. पिवळा कागद, पिवळा शर्ट, पिवळी काच. मी त्यांच्याच स्टुलावर बसले.

साहेबांना सांगावं तर त्यांचा हुकूम होता, मास्तर म्हणतील ते खरं. गरम लडीची गोष्ट ते अजून विसरले नव्हते, माझं ऐकणारच नव्हते. माल तसाच जाऊ द्यावा, तर शाळेत पोरं रांगेत उभी राहिल्यावर जुन्या स्वेटरवाली राखाडी, नव्या स्वेटरवाली जांभळी दिसणार, आणि सगळ्या जगापुढे मास्तरांची शोभा होणार. आणि मास्तरांना सांगावं, तर काय सांगायचं? तुमचा डोळा गेला? त्या माणसाकडे दुसरं होतं काय?

म्हणून मी एक युक्ती काढली. मास्तरांना काही कळू द्यायचं नाही. लड्यांना डाग पडलेत असं साहेबांना सांगायचं, हंड्यावरच्या माणसाने नीट ढवळलं नाही म्हणायचं. लोकर पुन्हा खळखळून उकळता येत नव्हती, पण मंद आचेवर कुठलातरी गडद रंग चढवायला तो लॉट बाजूला ठेवून नवा लॉट घालता आला असता, आणि तेव्हा गुपचूप मी माझ्या आकड्यांनी रंग सुधारला असता. तेव्हा मला ही युक्ती फार थोर वाटली होती.

मास्तर जेवून आले. स्टुलावर बसले, डोळे मिटले. "वाच. नवीन निळ्याची चाल नीट ऐकू दे."

हे माझ्या ध्यानातच नव्हतं. माझ्या हातात कागद होता. नमुन्याची चाल त्यांना पाठ होती, खरे आकडे वाचले असते तर पहिल्या पाचांतच त्यांना कळलं असतं. मी एका श्वासात ठरवलं आणि त्या पहिल्या पाच आकड्यांतून चार-चार वजा करून वाचायला लागले.

"सहा पॉइंट नऊ. सात पॉइंट पाच. आठ. आठ पॉइंट तीन. आठ पॉइंट चार."

इथवर खोटं. पुढचे आकडे ठीक होते म्हणून पुढे खरं वाचलं. "बारा पॉइंट तीन. बारा पॉइंट एक. अकरा पॉइंट..."

"थांब." मास्तरांचे डोळे मिटलेलेच होते. "चारशे चाळीसला किती म्हणालीस?"

"आठ पॉइंट चार."

"आणि चारशे पन्नासला?"

"बारा पॉइंट तीन."

"आठावरून बारा? एका पायरीत?"

मी कागदात डोळे खुपसले.

"पोरी, रंग जिन्याने चढतो, जिन्याने उतरतो. अशी उडी मारत नाही. अशी लडी अजून कुणी रंगवलेली नाही." आणि मग त्यांनी डोळे उघडले. लडीकडे नाही, माझ्याकडे बघितलं. "खोटं का वाचतेस?"

मला रडू फुटलं. मी रडत राहिले आणि मास्तर बघत राहिले. त्यांना काय काय कळत गेलं ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. काच, कागद, शर्ट, सगळं.

"खरे वाच," ते म्हणाले.

मी नाक पुसलं आणि वाचले. दहा पॉइंट नऊ. अकरा पॉइंट पाच. बारा. बारा पॉइंट तीन. बारा पॉइंट चार. मध्ये कुठेही त्यांनी थांबवलं नाही. एकतीसच्या एकतीस ऐकले, गुडघ्यावर बोटं ठेवून. मग उठले, दोन्ही लड्या उचलल्या आणि खिडकीशी गेले. काचेला टेकवून बघितल्या, लांब धरून बघितल्या, चष्मा काढून बघितल्या, लावून बघितल्या.

"मला एकच दिसतायत गं," ते म्हणाले. "आता ठाऊक आहे तरी एकच दिसतायत."

त्यांनी लड्या टेबलावर ठेवल्या.

"आधीच्या सगळ्या लॉटचे आकडे खरे वाचलेस?"

"हो मास्तर. हा एकच खोटा. शपथ."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी खरं बोलतेय की नाही हे पडताळून बघायला आता त्यांच्याजवळ काहीच नव्हतं. "बरं," एवढंच म्हणाले.

मग मी त्यांना डागांची युक्ती सांगितली. वाटलं, निदान आतातरी माझी कीव येईल. ते असे भडकले की मी भिंतीला टेकले. उभ्या आयुष्यात त्यांना आवाज चढवताना मी तेवढं एकदाच पाहिलं. "हंड्यावरच्या माणसाच्या माथी मारणार होतीस? त्याचा काय दोष? चूक ज्याची त्याच्या नावावर लिहायची." आणि दोन्ही लड्या घेऊन ते तसेच साहेबांच्या केबिनमध्ये गेले. मी मागोमाग पळाले.

"साहेब, शाळेचा लॉट थांबवा."

"का? पुन्हा मशीनचं काही निघालं का?" साहेबांनी माझ्याकडे डोळे वटारले.

"मशीन बरोबर आहे. माझा डोळा गेलाय."

साहेबांना वाटलं, मास्तर थट्टा करतायत. त्यांनी लड्या हातात घेतल्या, बघितल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनाही फरक दिसला होता. साहेब खालच्या आवाजात म्हणाले, "मास्तर, मग आता शेड कोण ठरवणार?"

"ही मोजेल," मास्तर म्हणाले. "मी ऐकेन."

साहेब तसे तापट होते, पण माणूस वाईट नव्हता. त्यांनी मान डोलावली. गाडी आठवडाभर पुढे ढकलली आणि लॉट नव्याने रंगवला. जुन्या सहाशे किलोंचं गडद निळं सूत झालं. नोंदवहीत नापास लॉटच्या रकान्यात मास्तरांनी स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव लिहिलं. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू आहे, पण अजून पिकलेला नाही, दोनेक वर्षं थांबा. तेव्हा तसंच थांबवायचे.

तर दोन वर्षं मी रोज वाचत राहिले. सर्दीत वाचलं, तापात वाचलं, घरी आई अंथरुणाला खिळलेली असताना वाचलं. माझं लग्न ठरलं त्या दिवशी वाचलं आणि त्यांच्याशी कडकडून भांडण झालं त्या दिवशीही. मास्तर डोळे मिटून ऐकायचे आणि पास की नापास ते सांगायचे, आणि त्या दोन वर्षांत एकही माल परत आला नाही. आमच्या कारखान्यात शेड कानाने ठरते, असं बाहेर कुणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं.

मास्तरांच्या शेवटच्या दिवशी शेवटची लडी वाचून झाली. फिकट हिरवी होती. "पास," ते म्हणाले आणि उठले. डबा पिशवीत घातला. मला बाकी काहीतरी बोलायचं होतं, पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"मास्तर, तुम्ही नंतर मला कधी तपासलं नाहीत. मी पुन्हा खोटं वाचलं असतं तर? आता मला जिने लावता येतात. उडी दिसू दिली नसती."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "हुशार आहेस, उडी लपवली असतीस. आवाज नसता लपवता आला तुला. मी दोन वर्षं तोच तर ऐकत होतो." आणि पिशवी उचलून निघाले.

त्यानंतर मी त्या लॅबमध्ये एकोणतीस वर्षं काढली. पुढे पुढे आकडे पडद्यावरच यायला लागले, मोठ्याने वाचायची पाळी कुणावर आली नाही. तेवढं लक्ष देऊन माझा आवाज पुन्हा कुणी ऐकला नाही. आमच्या ह्यांनीसुद्धा नाही, आणि हे मी त्यांच्या तोंडावर सांगते.